डोणीतला लाल थर

जेर्बा बेटावरच्या त्या गावात पावसाचं पाणी टाक्यात उतरवणाऱ्या अंगणात रक्ताचा थेंब पडू द्यायचा नाही, अशी सक्त रीत. कोंबडं कापायचं तर कुंपणाबाहेर. त्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीला मशिदीच्या टाक्याजवळची, पाखरांसाठी ठेवलेली दगडी डोणी तळाशी लालभडक दिसली, तेव्हा गावाने वेगळा विचार करायची तसदीच घेतली नाही. टाक्याची किल्ली तीस वर्षं खमीसाकडे होती. नवरा गेल्यापासून ते अंगण झाडणं, पावसाआधी त्याला चुना लावणं, हेच तिचं जगणं. तिनेच आत कोंबडं कापलं असणार, असं पहिल्यांदा बोलली ती शाबान मास्तरची आई. झालं! आठवड्याच्या आत किल्ली या आईच्याच कमरेला लागली.

शाबान शाळेत जीवशास्त्र शिकवायचा. किल्ली हलण्याच्या आदल्याच दिवशी त्याने तो लाल चुरा शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला होता. रक्त कसलं, एकेका पेशीचं शेवाळ ते. पाणी असलं की हिरवं, दोन शेपट्या हलवत पोहणारं. पाणी आटलं, ऊन तापलं की शेपट्या टाकून देतं, जाड कवच चढवतं, अंगात लाल रंग भरून घेतं आणि पावसाची वाट बघत वर्षानुवर्षं पडून राहतं. चिमूटभर चुरा त्याने पेलाभर पाण्यात टाकून खिडकीत ठेवला, तर थोड्याच दिवसांत पाणी हिरवं झालं.

एवढी गोष्ट चार माणसांत सांगायला काय लागत होतं? पण आई किल्ली खुळखुळवत हिंडत होती. आयुष्यात पहिल्यांदाच बायका तिला विचारून पाणी नेत होत्या. तिला खोटं पाडायची त्याची छाती झाली नाही. उद्या सांगू, परवा सांगू करत दोन महिने गेले. खमीसाचं दार टाळायला तो शाळेत लांबच्या वाटेने जाऊ लागला आणि वाटभर स्वतःला शिव्या घालू लागला.

पाऊस पडला, डोणी हिरवी झाली. हात बदलला म्हणून विटाळ धुतला गेला, असं आई शेजारणीला सांगत होती. ते ऐकून मात्र त्याला घरात उभं राहवेना. शुक्रवारी नमाजानंतर मशिदीत पेला पुढे ठेवून त्याने सगळं सांगितलं. कधी कळलं, तेवढं सोडून. म्हाताऱ्यांनी दोनदा वदवून घेतलं. घरी आल्यावर आईने किल्ली त्याच्यासमोर टाकली आणि पाठ फिरवली.

किल्ली घेऊन तो खमीसाकडे गेला. तिने ऐकून घेतलं, पण किल्लीला हात लावला नाही.

"मी कोंबडं कापलं नव्हतं रे," ती म्हणाली. "पण माझ्याच कुठल्या तरी पापाने डोणी लाल झाली, असं धरून बसले होते. रोज आठवायचे, कुठलं पाप. मुलगा नावेत बसून समुद्रापार निघाला तेव्हा मी अडवलं नाही त्याला. पुन्हा आला नाही तो. तेच असेल म्हटलं."

"तसं काही नाही, मावशी. नुसतं शेवाळ आहे."

"तुला कधी कळलं हे?"

शाबानच्या तोंडात खरं उत्तर आलं होतं.

"काल," तो म्हणाला.

"काल कळलं आणि आज धावत आलास. देव तुझं भलं करो, बाळा." तिने त्याचं डोकं जवळ ओढून कपाळाचा मुका घेतला. मग आत जाऊन वाळलेली अंजिरं आणली, आणि ती त्याला तिच्यासमोर बसून खावी लागली.