पुरुमेंताच्या फळीवरची अर्धी बाटली

भरल्या गाडीनं उतार उतरताना ब्रेकचा दांडा हातात अचानक मऊ पडला, तर माणूस काय करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

मला ठाऊक आहे. कारण तो हात दांड्याच्या एका टोकाला होता आणि दुसऱ्या टोकाला मी होतो. मी ब्रेक ऑइल बोलतोय. आज मी गोव्यातल्या साखळी गावच्या एका गॅरेजच्या कोपऱ्यात, जुन्या तेलाच्या पिंपात पडून आहे. पण जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला शांतता नाही.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. आठवतं ते म्हापशाचं दुकान. तिथून मला लाटंबार्श्याच्या कृष्णनाथनं विकत घेतलं. गेल्या वर्षी त्यानं पेडण्याच्या किनाऱ्याकडून मोटारसायकलसारखी मुठी धरून चालवायची एक जुनी चार चाकांची गाडी आणली होती. पूर्वी ती वाळूत पर्यटकांना फिरवायची. जाड टायरांवर बसकी दिसायची, म्हणून गावानं तिला 'बेडूक' नाव ठेवलं. कृष्णनाथनं मागे लहान ट्रॉली जोडली आणि बेडूक काजूच्या डोंगरावर राबू लागला. वर झाडाखाली गोळा केलेली बोंडं ट्रॉलीत भरायची आणि खाली काजूची दारू गाळणाऱ्या भट्टीवर पोचवायची, हे त्याचं काम.

त्या वर्षी माझी अर्धी बाटली गाडीत गेली, अर्धी उरली.

उरलेलं काहीही टाकायचं नाही, ही कृष्णनाथच्या बायकोची, पद्मावतीची रीत. मे महिन्यात ती पावसाळ्याची बेगमी करी. तिकडे तिला पुरुमेंत म्हणतात. कोकमं, चिंचेचे गोळे, मिरच्या, सुके बांगडे, मिठातल्या कैऱ्या, सगळं एका फळीवर ओळीनं लागे. त्याच ओळीत शेवटी तिनं मला ठेवलं. बाटलीला स्वच्छ फडकंसुद्धा बांधलं. मला बरं वाटलं. माझी इतकी काळजी आजवर कुणी घेतली नव्हती.

पण माझ्या स्वभावात एक खोट आहे. हवेतलं पाणी मी ओढून घेतो. झाकण घट्ट असेल तर ठीक, एकदा उघडलं की मला आवरत नाही. आणि पद्मावती पावसात दर पंधरा दिवसांनी फळीवरचं एकेक झाकण उघडून वास घ्यायची. बुरशी आली का, कुबटलं का, ते बघायची. कोकमांचं झालं की चिंचेचं, मग माझं. चार महिने तिनं मला असं जपलं, आणि चार महिने मी बाहेरची दमट हवा पीत राहिलो. दिसायला होतो तसाच होतो. तिला कसं कळावं?

यंदा काजूचा हंगाम सुरू झाला तेव्हा दिसलं, की उंदरांनी गाडीच्या ब्रेकची नळी कुरतडली आहे. जुनं तेल सगळं सांडलं होतं. कृष्णनाथनं नवी नळी बसवली.

"तेल नवा हाडूया गो," तो म्हणाला. "शुक्रवारी म्हापशाक जातलंयच मी."

"शुक्रवारापर्यंत बोंडां झाडार रवतली?" पद्मावती म्हणाली. "अर्धी बाटली आसा मगे घरात."

"ती उघडलेली."

"उघडलेली म्हणून काय झालां? कोकमां फेकतंय मी?"

तो हसला आणि त्यानं ब्रेकच्या भांड्याचं झाकण उघडलं. तिनं स्वतःच्या हातानं मला गाडीत ओतलं.

पहिले काही दिवस मी काम केलं. मग एप्रिलात एका सकाळी ट्रॉली काठोकाठ भरून तिसरी खेप निघाली. उतार लांबलचक, कृष्णनाथनं वरपासून दांडा दाबूनच धरला होता. चाकाकडची चकती तापली, तिच्याबरोबर मी तापलो, आणि माझ्या पोटातलं पाणी उकळलं. त्याची वाफ झाली. मी जोर पुढे नेतो, तेवढंच माझं आयुष्य. पण वाफेला जोर नसतो, ती नुसती दबते. दांडा मुठीला टेकला. कृष्णनाथनं दोनदा, तीनदा दाबला. त्याचा प्रत्येक दाब मला कळत होता आणि मी तो पुढे नेऊ शकत नव्हतो.

वळणावरच्या काजूला गाडी आदळली. त्याचा डावा पाय खाली सापडला आणि हाड मोडलं.

पाय मोडला ते एक झालं. दुसरं झालं ते त्याहून वाईट.

संध्याकाळी शेजारच्या गौरेशनं गाडी अंगणात आणली आणि ब्रेक दाबून बघितला. तोवर मी थंड झालो होतो. वाफेचं परत पाणी झालं होतं. दांडा घट्ट, चाक जागच्या जागी. गौरेशनं चारदा दाबला आणि पद्मावतीकडे बघितलं.

कृष्णनाथ पूर्वी प्यायचा. आठ वर्षांपूर्वी देवळात नारळ ठेवून त्यानं दारू सोडली होती. पण बोंडं टाकायला रोज भट्टीवर जाणं होतं. तिथं काजूच्या रसाची ताजी दारू, हुर्राक, गळत असते आणि माणसाच्या कपड्यांनाही तोच वास असतो. त्या सकाळी तो पिऊनच उतरला, असं सगळ्यांनी धरलं.

"ब्रेक लागलोच नाय गो," तो प्लास्टरातला पाय धरून सांगत राहिला. "दांडो सामको मुठीक टेकलो."

"आणि आता कसो लागता?" पद्मावतीनं एवढंच विचारलं.

त्या दिवसापासून तिनं त्याच्याकडे दुसरं काही मागितलं नाही आणि विचारलंही नाही. पेज ठेवायची, औषध ठेवायची, वळायची. भट्टीवरून बोंडांसाठी निरोप यायचे. गौरेश एकदा पायरीवर बसून हसत म्हणाला, "काय रे, गाडयेक पण हुर्राक पाजलंस काय?" कृष्णनाथनं भिंतीकडे तोंड केलं. आठ वर्षं पाळलेला शब्द एका उतारावर गेला होता, आणि तो नेणारा मी होतो.

तीन आठवड्यांनी साखळीहून मंगेश आला. मूळचा गडहिंग्लजकडचा, गाड्या दुरुस्त करणारा. बेडकाला रस्त्यावर न्यायची परवानगी नाही, म्हणून तोच हत्यारं घेऊन घरी आला. चाकं बघितली, आणि म्हणाला, "तेल बदलूनच टाकू. पर दांडा दाबाय एक माणूस पायजे."

"मी दाबतंय," ओट्यावरून कृष्णनाथ म्हणाला. मंगेशनं खांद्याचा आधार देऊन त्याला गाडीवर बसवलं.

चाकाजवळच्या बारीक स्क्रूला मंगेशनं पारदर्शक नळी लावली, दुसरं टोक रिकाम्या बाटलीत सोडलं. पद्मावतीला त्यानं नव्या तेलाचा सीलबंद डबा देऊन मुठीजवळच्या तेलाच्या भांड्यापाशी उभं केलं. "काकी, ह्यातलं तेल तळाला जाऊ द्यायचं न्हाई. हवा शिरली की केलेलं सगळं वाया."

"दाबा काका. धरा. सोडू नगा."

स्क्रू अर्धा फिरला आणि मी नळीत उतरलो. गुळाच्या पाण्यासारखा मळकट. माझ्यामागून बुडबुडे आले. स्क्रू बंद. "आता सोडा." पुन्हा दाबा, पुन्हा धरा.

मंगेशनं मला उजेडात धरलं. मग खिशातून पेनासारखं एक यंत्र काढून माझ्यात बुडवलं. लाल दिवा लागला. नव्या तेलात बुडवलं, हिरवा लागला.

"काकी, ह्यात पाणी हाय. कुठलं वतलंसा?"

"गेल्या वर्षाची बाटली," पद्मावती म्हणाली. "जपून ठेवलेली."

"उघडून?"

तिनं मान डोलावली.

"मग तापल्यावर पाण्याची वाफ हुतीया. उतारावर ब्रेक न्हाई म्हंजे न्हाई."

पद्मावतीच्या हातातला डबा तसाच राहिला. "पण सांजेक तो लागत होतो," ती हळू म्हणाली. "गौरेशान माझ्यासमोर दाबलो."

"लागणारच की. गार झालं की परत झ्याक. हीच त्याची लबाडी."

पद्मावतीनं पदरानं डबा पुसला. तो कोरडाच होता.

"तुमी खरां सांगत होतात," ती म्हणाली.

कृष्णनाथनं तिच्याकडे बघितलं नाही. समोर डोंगराकडे बघत त्यानं विचारलं, "मंगेश, परत दाबू काय?"

"दाबा."

त्यानं दाबला आणि धरून ठेवला. स्क्रू बंद झाला, मंगेश दोनदा म्हणाला, "सोडा काका, झालं." तरी त्याची बोटं सुटेनात. पद्मावतीनं डबा खाली ठेवला आणि आपला हात त्या बोटांवर ठेवला. तेव्हा त्यानं सोडलं.

चारी चाकांतून मी निघालो. माझ्या जागी नवं तेल आलं, पाण्यासारखं नितळ. दांडा पहिल्या दाबाला टणक झाला. निघताना मंगेशनं मला न्यायला हात पुढे केला. जमिनीवर ओतलं तर झाडं मरतात, विहिरीजवळ तर नकोच, असं तो सांगत होता. पद्मावती म्हणाली, "उद्या ने. एक दिवस ऱ्हवांदे माझ्याकडे."

तुम्हाला माझं एकच मागणं आहे. उघडलेलं ब्रेक ऑइल पुढच्या वर्षासाठी जपू नका. त्याला जपता येत नाही. आणि घरचं माणूस तळमळून एखादी गोष्ट सांगत असेल, तर पुरावा थंड झाला म्हणून त्याला खोटं ठरवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मावतीनं भरलेली ट्रॉली स्वतः त्या उतारावरून खाली नेली, वळणावर गाडी थांबवून बघितली, आणि भट्टीवर जाऊन गौरेश आणि बसलेल्या सगळ्यांसमोर माझी बाटली दगडावर ठेवून म्हणाली, "त्यांनी घेतलेली नाय. ही बाटली गाडयेकच पाजलेली, आणि पाजणारी मी."