चांगोजीचा पाळणा

चैत्रातली रक्तवर्ण, रजोधूसर संध्याकाळ. सांगवीच्या वेशीबाहेर पळस पेटलेले, ओढ्याचं पाणी पेटलेलं, चांगोजी पाटलांची समाधीशिळा पेटलेली. जिकडं तिकडं लाल आणि लालच.

तो लाल देमाईच्या डोळ्यांतही उतरला होता. कुंभाराची ही पोर, लग्नावाचून आई झालेली. पाच महिन्यांमागं याच शिळेवर उजवा हात ठेवून भानजी पाटलानं डोळ्याचं पातं लवू न देता सांगितलं होतं, की वडिलांची आण, हिला मी ओळखतही नाही. झालं! चांगोजींच्या नावाची आण, गावाला पुरली. देमाईला वेशीबाहेर काढलं, चार महिन्यांच्या पोटानिशी.

ती रडली नाही. हाडवैरी पोसावा तसा तिनं राग पोसला, पोटातल्या लेकराबरोबर पोसला, आणि आज बारसं मांडलं. ना पाच सुवासिनी, ना घुगऱ्या. समाधीवरच्या पळसाला लुगड्याची झोळी बांधली आणि वाट पाहत बसली.

कारण रोज दिवेलागणीला भानजी इथं यायचा, दिवा घेतलेली विधवा बहीण मैनाक्का मागून. आजही आला. मागं गावही आलं, तमाशा बघायला.

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, बापाच्या बहिणीचा. देमाईनं भानजीकडं बघितलंसुद्धा नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "आत्यावाचून बारसं अडलंय."

मैनाक्का दिवा घेऊन पुढं आली. पाटलांच्या परसदारी उमटलेली देमाईची ओली पावलं साऱ्या श्रावणात तिनंच पुसली होती, आणि बापाच्या शिळेवरची खोटी आण तिनंच मुकाट ऐकली होती.

"आक्का, माघारी फिर," भानजी म्हणाला.

मैनाक्कानं दिवा शिळेवर ठेवला. झोळीवर वाकली, चिमुकल्या कानात कुर्रर्र केलं, आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं नाव घेतलं.

"चांगोजी."

आता या पोराला शिवी हासडणार कोण? आणि ज्याच्या बापाचं हे नाव, त्यानं हाक तरी कशी मारावी! भानजीनं उजवा हात शेल्याखाली लपवला. देमाईचं काळीज पाच महिन्यांनी थंडावलं.

तिनं झोका दिला. निज रे चांगोजी, निज. झोका गेला, झोका आला. निज रे चांगोजी. मावळतीच्या उजेडात पळसफुलं शिळेवर पडत राहिली, लाल, आणि लालच.