पंधरा पावलांची वाट

सविताने रोवलेल्या चौतीस झेंड्यांपैकी एकोणीस झेंडे सकाळी पाण्यात उभे होते, आणि साडेआठला वनखात्याच्या साहेबांची जीप येणार होती.

तिने घड्याळ पाहिलं. पावणेसात. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यामागचं पाणी कालपर्यंत जिथे संपत होतं, तिथून ते आज चांगलं दीडशे पावलं आत सरकलं होतं. लाल चिंध्या बांधलेल्या कामट्या पाण्यात ओळीने उभ्या, आणि त्यातल्या एकीवर खंड्या असा ऐटीत बसला होता की कामटी त्याच्यासाठीच रोवली असावी.

दुसरं कुणी असतं तर डोक्याला हात लावून बसलं असतं. सविताला आधी प्रश्न पडला, एका रात्रीत पाणी चढलं तरी किती? सलवार वर खोचून ती पाण्यात शिरली आणि काल जिथे काठ होता तिथे पट्टी उभी धरली. नऊ इंच. नऊ इंचांत दीडशे पावलं! जमीन ताटासारखी सपाट आहे हे तिला माहीत होतं, पण इतकी?

नाशिकरोडच्या सविताला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होऊन सहा महिने झाले होते. २००४ सालचा तो जानेवारी. अभयारण्यात लोकांनी पक्षी पाहायला यावं हे सगळ्यांनाच मान्य होतं. वाद होता तो कसं यावं यावर. एक बेत होता पाण्याच्या कडेपर्यंत जीप नेणाऱ्या रस्त्याचा, दुसरा सविताच्या दोन किलोमीटरांच्या पायवाटेचा. साहेबांनी सरळ सांगून टाकलं होतं, "रविवारी वीस माणसं आणतो. सगळी कोरड्या पायांनी फिरून आली तर पायवाट. नाहीतर रस्ता." जीप पाण्याशी आली की काय होतं ते सविताने दोनदा पाहिलं होतं. हजारभर पक्षी एका झटक्यात उठतात आणि दुपारपर्यंत परत फिरकत नाहीत.

म्हणून तिने आठ दिवस खपून वाट आखली होती. नियम एकच, पाण्यापासून पंधरा पावलं.

"गेल्या का चिंध्या?" मागून आवाज आला. चिमणाबाई हातात विळा घेऊन उभी होती. पावसाळ्यातल्या पुराचं पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळात पीक घेणारी जी दहा-बारा घरं होती, त्यांतलं एक तिचं. सविताचा या दिवसांत मुक्काम तिच्याच ओसरीवर असायचा.

"मावशी, रात्रीत झालं काय?"

"वरच्या धरणातनं आवर्तन सुटलं. कालव्यांना पाणी द्यायचं तर आधी हितं भरावं लागतंय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"समद्या गावाला म्हाईत होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू इचारलं का?" चिमणाबाईने विळ्याची मूठ कमरेत खोचली. "आठ दिस बघतीये, पोर चिंध्या रोवती, वहीत लिवती. म्हटलं एवढी शिकलेली हाय, तिच्या डोक्यात काय तरी असंल."

सविताचे कान तापले. पण वेळ लाजण्यात घालवण्याइतका नव्हता. "आता विचारते. पाणी जास्तीत जास्त कुठवर येतं?"

चिमणाबाईने जवळच्या बाभळीकडे बोट केलं. खोडावर नडगीएवढ्या उंचीला वाळलेल्या गाळाची रेघ होती. पलीकडच्या बाभळीवर तीच रेघ घोट्याएवढी, आणि तिसरीवर नव्हतीच. "भरल्या बंधाऱ्याची रेघ. पुराचं सोड, पर हिवाळ्यात पाणी हिच्यावर येत नाय. आम्ही हिच्या वरनं चालतो, हिच्या वरच पेरतो."

सविताने वही उघडली. त्या बाभळीची उंची लिहिलेली होती, घेर होता, सुगरणीची सात घरटी होती. रेघ तेवढी नव्हती.

मग दोघींची जी धावपळ उडाली ती विचारू नका. सविता पाण्यातून कामट्या उपटून आणायची आणि चिमणाबाई सांगेल तिथे दगडाने ठोकायची. वाट सरळ राहिलीच नाही. बाभळीमागून बाभूळ धरत, सापासारखी वळत गेली. "हरभऱ्यातून नाय घ्यायचं हां," चिमणाबाईने दम भरला. "वीस माणसं म्हंजी वीस जण घाटे खाणार."

सव्विसाव्या झेंड्यापाशी वाट एका वळणाला आली, आणि हातातला दगड तसाच धरून सविता थांबली. नव्याने भिजलेल्या जमिनीतून किडे, गांडुळं वर आली होती आणि त्यांच्यामागे सगळं पाणपाखरू लोटलं होतं. लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे, शेपट्या हलवणारे तुतवार, आणि चमच्यासारख्या चपट्या चोची डावी-उजवीकडे फिरवत चिखल चाळणारे चमचे. तिने एका दमात मोजले. त्रेचाळीस. आठ दिवसांत चमचे तिला एवढ्या जवळून एकदाही दिसले नव्हते.

"बघत काय बसलीस? आठ झेंडे ऱ्हायलेत," चिमणाबाई म्हणाली.

शेवटचा झेंडा ठोकला तेव्हा बांधावर जीप आणि तिच्यामागे मिनीबस येऊन उभी राहिली.

साहेबांनी आधी सविताने काढून दिलेला नकाशा उलगडला. "मॅडम, इथे वाट सरळ आहे. समोर ही वळणं कसली?"

"नकाशा चुकलाय, सर. म्हणजे मी चुकले. दोन आवर्तनांच्या मधलं पाणी पाहून आखला होता." तिने बाभळीवरची रेघ दाखवली. "ही वाट या मावशींची आहे."

साहेबांनी खाली वाकून रेघेवरून बोट फिरवलं. मग सगळ्यांना पुढे व्हायची खूण केली. माणसं चालू लागली. वळणापाशी पुढचे थांबले, मग मागचे, आणि वीसच्या वीस जण कुणी न सांगता गप्प झाले. साहेब नकाशा अंथरून त्यावरच बसले. दहा मिनिटं दुर्बीण डोळ्यांवरून खाली आली नाही. एकही पक्षी उडाला नाही.

फेरी संपल्यावर त्यांनी रांगेतले बूट पाहिले, मग सविताच्या गुडघ्यापर्यंत चिंब सलवारीकडे. "वीस जण कोरडे आहेत. तुम्ही मोजणीत नाही." आणि ड्रायव्हरला म्हणाले, "जीप यापुढेही इथेच थांबेल. बांधाच्या खाली नाही."

गाड्या गेल्यावर सविता बाभळीजवळ पट्टी घेऊन बसली. रेघ, जमिनीपासून चौदा इंच. लिहून झाल्यावर तिने विचारलं, "मावशी, आणखी काय काय विचारायचं राहिलंय?"

चिमणाबाईने हरभऱ्याचा एक डहाळा उपटून तिच्या पुढ्यात टाकला. "आधी घाटे खा. लय येळ लागंल."