चार्जरने पांघरलेली शाल

जावई घरात आला तेव्हापासून त्याला एकच खोड. वस्तू जरा रुसली की नवी आणायची. पंखा कुरकुरला, आण नवा. नळ गळला, आण नवा. आता म्हणे बोटीचा चार्जर! सासूबाईंच्या डोक्यात तिडीकच गेली.

बोट त्यांची. नवऱ्यामागे त्यांनीच राखलेली. सकाळी पलीकडच्या काठाला कामावर जाणारी माणसं तिच्यातून जायची. पण कालही बॅटरी मेलेली, आजही तेच, आणि धक्क्यावरचा टकल्या त्यांची माणसं आपल्या बोटीत भरून दात काढत निघून गेला. उद्याही तसंच झालं, तर माणसं कायमची त्याची.

"आई, रात्रभर चार्जर लावतो, तरी सकाळी बॅटरी रिकामी," जावई म्हणाला. "दुकानात झकास चार्जर आलाय. त्यावर आकडे दिसतात."

"जेवायला येताना घड्याळातले आकडे दिसतात का तुम्हाला? आधी जुना दाखवा."

बोटीवर जाऊन त्यांनी बाकाखालची पेटी उघडली. सकाळपासून लावलेला चार्जर आत शालीचे दोन वेढे घेऊन बाळंतिणीसारखा निजला होता. आणि शाल त्यांची! जी हरवली म्हणून दोन दिवस लेकीला बोल बोल बोलल्या, तीच.

"ही इथे कशी?"

"तुम्हीच म्हणालात ना, पाण्यावरचं वारं वाईट, नीट झाकून ठेवत जा."

"अहो, झाकून म्हणजे पेटीचं झाकण लावून!"

त्यांनी शाल ओढली, चार्जरला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तव्यासारखा तापलेला, दिवा विझलेला. नाकातोंडावर लोकर दाबल्यावर कोण काम करील? जावयाने वायर काढली. चार्जर निवल्यावर सासूबाईंनी केसातल्या आकड्याने त्याच्या भोकांतली लोकर उपसली. वायर परत लावली, तसा आतला पंखा घरघरला आणि दिवा लागला.

सकाळी किल्ली फिरवताच इंजिन धडधडलं. माणसं चढली. टकल्याने तोंड फिरवलं.

"आई, मला उगाच बोललीस ना?" लेकीने विचारलं.

सासूबाईंना अचानक ऐकू येईना. शाल खांद्यावर सारखी करून त्या जावयाकडे वळल्या.

"जावईबापू, माझं ऐकत जा म्हटलं होतं, इतकं ऐका म्हटलं नव्हतं. बोटीची किल्ली आजपासून तुमच्याकडे. पण शालीला परत हात लावलात, तर तुम्हालाच त्या पेटीत घालीन. नीट झाकून!"