डाळिंबाच्या सालींचं कातडं

बाबांनी चामड्याला हात लावून तीन वर्षं झाली होती. उभा जन्म क्रोम या रसायनाच्या निळ्या पाण्यात कातडी कमावण्यात गेला आणि शेवटी ते पाणीच हातांना भोवलं. तळवे फुटायचे, रक्त यायचं. क्रोमचा स्पर्शही नको, असं डॉक्टरांनी बजावलं आणि माणूस घरी बसला. घरी बसलेला कारागीर म्हणजे, आईच्या भाषेत, सारखं पायात येणारं स्टूल.

लेक हट्टी, बापावर गेलेली. रसाच्या कारखान्यामागे डाळिंबाच्या साली कुजत पडायच्या. तिनं त्या आणून वाळवल्या, कुटल्या, उकळल्या आणि त्या तुरट पाण्याच्या हौदात शेळीचं कातडं भिजत घातलं. बाबांना पुन्हा उघड्या हातांनी काम करता यावं, एवढंच तिच्या मनात होतं. त्यापायीच घाई नडली. लवकर व्हावं म्हणून तिनं पहिल्याच दिवशी पाणी दाट केलं.

दहाव्या दिवशी बाबांनी दारातूनच विचारलं, "कड कापून बघितलीस?"

तिनं कापली. वरून सुरेख पिवळसर, मधोमध मात्र पांढरी रेघ. आत सगळं कच्चं.

"दाट पाण्यानं वरचा थर आवळला, आत काही शिरलंच नाही. आधी पातळ पाणी द्यायचं, मग रोज थोडं थोडं दाट करायचं. मला विचारायला काय झालं होतं?"

"नाही जमलं तर? तुम्हाला उगीच आशेला लावायचं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी बाबांची खुर्ची हौदाजवळ आली. नवं कातडं महिनाभर त्यांच्या सांगण्याप्रमाणे मुरलं. या वेळी रेघ नव्हती. मग अंगाला सोसतं का ते बघायला चार दिवस त्याचा तुकडा त्यांच्या मनगटावर बांधला. आई उठताबसता तो उचलून बघायची. मनगट स्वच्छ राहिलं.

पाचव्या दिवशी बाबांनी ते कातडं मांडीवर पसरलं आणि डोळे मिटून मानेपासून शेपटीपर्यंत तळवे फिरवले.

"मानेपाशी कडक राहिलंय. तेल लावताना हात आखडलास. पोटाकडे सुरकुत्या. असला माल मी कोणाला दाखवणार नाही."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, रडवलंत ना पोरीला," आई म्हणाली.

तीन वर्षं ते भाजीपासून पडद्यापर्यंत सगळ्यालाच 'बरंय' म्हणत होते. घरात कोणी त्यांची अशी बोलणी खाल्ली नव्हती. लेकीनं आपली खुर्ची त्यांच्या जवळ ओढली.

"अजून सांगा, बाबा," ती म्हणाली. "अजून कुठे चुकलंय?"