थांबायचं कोणी म्हणायचं

या प्रवासात काकांना मिळण्यासारखं बरंच होतं आणि त्यासाठी करायचं काहीच नव्हतं. पुतणी चुकली की बोट त्यांची. इतका सोपा व्यवहार माणसाच्या वाट्याला रोज येत नाही, म्हणून काका गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बोटीवर आले होते.

बोट घरची. लाकडी, रुंद पोटाची, आयुष्यभर माल वाहून जराशी बसकी झालेली. नवं इंजिन बसवायला ती दूरच्या कारखान्यात नेली होती आणि काम इतकं लांबलं की आई-बाबा तिथेच एक खोली घेऊन राहिले. त्या मुक्कामात बाबांच्या डोळ्यांनी राजीनामा दिला. समोरचा दिवा एक आहे की दोन, हे त्यांना सांगता येईना. तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की परतीला बोट थोरली लेक चालवेल. घरच्या धक्क्याला नीट लावली तर यापुढे बोट तिची. वाटेत काही फुटलं-तुटलं तर बोट काकांची. थोरलीकडे परवाना होताच, पण तो चौकटीत लावायला बरा, असं काकांचं मत होतं.

या बोटीवर आजोबांनी घालून दिलेला एक नियम होता. वाऱ्यापावसाला भिऊन जो ‘थांबूया’ म्हणेल, त्याने पुन्हा निघेपर्यंत सगळ्यांचा स्वयंपाक करायचा, भांड्यांसकट. आळसापायी कोणी बंदरात बसून राहू नये, एवढाच हेतू. परिणाम मात्र असा झाला की या घरातले पुरुष शूर म्हणून नावाजले. ‘वादळ आलं म्हणून यांनी कधी नांगर टाकला नाही,’ असं बाबांबद्दल धक्क्यावर कौतुकाने सांगत. त्यामागे हातात कांदा न धरण्याचा निश्चय किती होता, ते फक्त आईला माहीत होतं.

निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी पश्चिमेचं आभाळ काळवंडलं. थोरलीने एकदा वर पाहिलं, एकदा पाण्याकडे, आणि बोट जवळच्या बंदरात वळवली.

“थांबूया.”

“झालं,” काका म्हणाले. “वहिनी, तुम्हाला सुट्टी लागली.”

“बरं झालं की,” आई म्हणाली आणि पाय पसरून बसली.

पाऊस आला तो आडवातिडवा आला. थोरलीचा भात वर कच्चा आणि खाली करपलेला झाला, कारण दर थोड्या वेळाने ती हातातल्या डावासकट डेकवर धावत होती, दोरखंड ताणलेत की सैल पडलेत ते बघायला.

“मधला थर उत्तम आहे,” काका म्हणाले. “शोधावा लागतो, एवढंच.”

“शोधा, काका. तेवढाच तुमचा वेळ जाईल.”

बाबांनी ताट संपवलं. जास्त वाढून मात्र घेतलं नाही.

पुढचा मुक्काम एका लहानशा धक्क्याला झाला, आणि तो खरा महागात पडला. दुपारपासून वारा उठेल असं सकाळी रेडिओवर सांगितलं होतं. थोरली पुन्हा ‘थांबूया’ म्हणाली. शेजारची, त्यांच्याच गावची बोट चालवणारा जाडा तांडेल हसला, नांगर उचलून निघून गेला. दुपार झाली. वारा काही उठला नाही. पाणी ताटासारखं सपाट, आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं. संध्याकाळी त्या तांडेलाचा काकांना फोन आला, तो घरी पोहोचला होता.

“आंघोळ करून, जेवून, आडवासुद्धा झालाय तो,” काकांनी सगळ्यांना कळवलं. “आपण इथे बटाटे सोलतोय.”

“मी सोलतेय,” थोरली म्हणाली. “तुम्ही बघताय.”

मग सुरी खाली ठेवून तिने सरळ बाबांकडे पाहिलं. “चुकलं माझं, बाबा. निघायला हवं होतं.”

“हं. उद्या?”

“उद्याचं उद्या बघून सांगते.”

काका त्या रात्री गाढ झोपले. एकदा हसं झालेला माणूस पुढच्या वेळी थांबत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्वतःवरूनच.

मग दुसऱ्या दिवशी दुपारी घर दिसलं. धक्क्यावर माणसं जमली होती, आणि त्यांच्यात थोरलीची धाकटी बहीण चक्क पलंगावरची चादर हलवत होती. पण ओहोटीचं पाणी बंदरातून बाहेर धावत होतं आणि वारा बाहेरून आत. दोघांची गाठ नेमकी बंदराच्या तोंडाशी पडत होती. तिथल्या वाळूच्या उंचवट्यावर लाटा उभ्या राहून फुटत होत्या.

थोरलीने इंजिन मंद केलं.

“सरळ घे,” काका म्हणाले. “मी यातून डोळे मिटून गेलोय.”

“माहितेय. नंतर सुकाणू नवं करावं लागलं होतं.”

“अगं, लोक बघतायत.”

“बघू देत.”

तेवढ्यात मागून बाबा म्हणाले, “जाऊया की. घर आलंय.”

आता आली पंचाईत. काकांना उत्तर देणं सोपं होतं, पण ज्यांनी दोरीची पहिली गाठ मारायला शिकवलं त्या बाबांना काय सांगायचं? आत गेली आणि निभावलं, तर बोट आत्ता, या क्षणी तिची. वळली, तर अख्ख्या धक्क्यासमोर पुन्हा हसं. थोरली लाटांकडे बघत राहिली. आई तिच्याकडे.

“नाही बाबा. थांबूया.”

तिने बोट फिरवली. समोरच्या बेटाच्या आडोशाला नेऊन नांगर टाकला, तो पक्का रुतलाय याची खात्री केली. दूर धक्क्यावरची चादर खाली आली. थोरलीने हात पुसले आणि ती शिडीकडे निघाली.

“कुठे?” बाबांनी विचारलं.

“भात लावायला. माझी पाळी.”

“आणि नांगर सरकला तर?”

“मधूनमधून येऊन बघते.”

“डाव घेऊन?” बाबा म्हणाले. “बस इथे. तुझ्या आजोबांनी हा नियम केला तेव्हा बोटीवर माणसं भरपूर होती. आता बदलला मी. थांब म्हणेल त्याने नांगर सांभाळायचा. जाऊया म्हणतील त्यांनी स्वयंपाक करायचा.”

काका सावरून बसले. “म्हणजे कोणी?”

“तू म्हणालास. मीही म्हणालो. ऊठ.”

“पण दादा, तुला लाटा दिसल्या नसतील. तुझं चालायचंच.”

“दिसल्या नाहीत. पण ऐकू येत होत्या की.”

“मग जाऊया कशाला म्हणालास?”

“तुला ती नाही म्हणतेच. मला म्हणते का, ते बघायचं होतं.”

“आणि हो म्हणाली असती तर?” आईचा आवाज चढला होता.

“नसती म्हणाली,” बाबा म्हणाले, आणि त्यांची मान अशी ताठ झाली की लांबून कोणाला वाटावं, बोट त्यांनीच वळवली.

भरतीचं पाणी चढलं तशा लाटा बसत गेल्या. थोरलीने बोट आत घेतली आणि इतकी हलकेच धक्क्याला टेकवली की केबिनमध्ये बसलेल्या आईला ते दोर फेकल्यावर कळलं. तो जाडा तांडेल दोर झेलायला पुढे आला होता.

“घर दिसत असताना मागे का फिरलात?” त्याने बाबांना विचारलं.

“मला नका विचारू,” बाबा मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “आमच्या तांडेलबाईंनी सांगितलं थांबायचं. आम्ही थांबलो.”

तर जमाखर्च असा. थोरलीने दोन मुक्काम चूल फुंकली आणि एक चूक पदरात घेतली. बाबांनी भांडी घासली, तीही डोळ्यांनी साथ न दिल्याने दोनदा. काकांनी कांदे चिरले आणि इस्त्रीच्या शर्टालाच डोळे पुसले. आईने तिघांच्याही हातचं खाल्लं, आणि सगळ्यात जास्त तिलाच भरावं लागलं, असं ती अजूनही सांगते.