निम्मं वजन

माझ्या नवऱ्याची पाठ बरी झाली होती. तपासणीत बरी, डॉक्टरांच्या तोंडी बरी. दुखत मात्र होती, आणि मी पार वैतागले होते. दोन वर्षांपूर्वी जिन्यात काच चढवताना पाठीत चमक भरली, तेव्हापासून घरात आम्ही त्याला काही म्हणता काही उचलू दिलं नव्हतं.

"मग नाटकं करतोय का?" व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना मी तोंडावर विचारलं.

"दुखणं खरंच आहे," त्या म्हणाल्या. "पाठ सावरलीय, पण मेंदूचा अजून तिच्यावर भरवसा नाही. वजन दिसलं की तो आधीच बोंब ठोकतो. थोडं थोडं उचलून त्याची समजूत काढायची."

तसं केलं. आधी रिकामी चौकट उचलली, मग लहान काचा. आज मोठी होती, रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची दर्शनी काच. काचा बसवायचा धंदा दोघा भावांचा. थोरले भाऊजी सकाळीच म्हणाले होते, "आज जमलं तर ठीक, नाहीतर मी कायमचा माणूस ठेवतो. याने गल्ल्यावर बसावं." गल्ल्यावर मी बसते. तिथे हा झुरून गेला असता.

दोघांनी काचेला चिकटणाऱ्या रबरी मुठी दाबून बसवल्या आणि उभी काच उचलली. हा पुढे, भाऊजी मागे. भर रस्त्यात याचा चेहरा पांढराफटक पडला आणि पाय थांबले. कुणीतरी हॉर्न वाजवला. मी गल्ला सोडून रस्त्यावर आले.

भाऊजींना राहवलं नाही. त्यांनी एक हात काचेखालून पुढे सरकवला आणि याचाही भार स्वतःवर घ्यायला लागले. याची बाजू वर आली, काच तिरपी झाली आणि कर्र असा आवाज आला. उभी काच दोघांनी सारखी पेलायची असते. शिकाऊ माणूसही ही चूक करत नाही. आम्ही मात्र घरात दोन वर्षं तेच करत होतो.

"दादा, माझं वजन मला दे!" हा ओरडला.

"अरे, तुझी पाठ..."

"दुखतेय! दुखू दे! हात काढ!"

भाऊजींनी हात मागे घेतला. भार आला तसा हा थरथरला. मग काच सरळ झाली, याने लांब श्वास सोडला आणि पाऊल टाकलं.

काच चौकटीत बसली, तेव्हा भाऊजी घामाने निथळत होते.

"त्या माणसाला नको म्हणून कळवतो," ते म्हणाले.

"नको कशाला?" हा म्हणाला. "फार दुखेल त्या दिवशी लागेल."

"म्हणजे अजून दुखतंय?" मी विचारलं.

"दुखतंय की. पण मघाशी घाबरायला सवडच मिळाली नाही."

मला भर रस्त्यात रडू आलं. तेवढ्यात तो अवजारांच्या जड पिशवीकडे वाकला. मी धावत जाऊन तिचे दोन्ही बंद धरले.

"एक सोड," तो म्हणाला.